चोवीस टोप्या

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगितलेलं बरं. माझ्या हाताखाली माणूस सहा महिन्यांच्या वर टिकत नाही. टिकला तो एकच, माझा मेहुणा, आणि तोही बहिणीच्या भिडेखातर, असं तो स्वतः चारचौघांत सांगतो. मी रंगारी. तीस वर्षं लोकांच्या भिंती आणि छतं रंगवतोय.

हल्ली दवाखान्यांत, वसतिगृहांत, कचेऱ्यांत छताला धुराचे डिटेक्टर बसवलेले असतात. उलटी वाटी चिकटवल्यासारखे दिसतात, म्हणून आम्ही त्यांना वाट्याच म्हणतो. छत घासताना पिठासारखी धूळ उडते. ती वाटीत गेली की वाटीला वाटतं धूरच आला. मग ती बोंब मारते, अख्खी इमारत जिने उतरून रस्त्यावर येते आणि सगळे मिळून रंगाऱ्याचा उद्धार करतात. म्हणून काम सुरू करण्याआधी प्रत्येक वाटीवर टोपी चढवायची आणि काम संपलं की काढायची. टोपी म्हणजे बायका अंघोळीच्या वेळी केसांवर घालतात ती, इलॅस्टिकवाली, प्लॅस्टिकची. वाटीला ती बेतल्यासारखी बसते. त्याच पाकिटातली एक टोपी मी छत रंगवताना डोक्यावर घालतो, कारण केसांत रंग गेला की आठवडाभर निघत नाही. मेहुण्याला टोपी लागत नाही. त्याच्या डोक्याचं बत्तिसाव्या वर्षीच मैदान झालं. "माझं डोकं फडक्यानं पुसून होतं, भाऊजी," असं म्हणत तो माझ्या कलप लावलेल्या केसांकडे बघून हसतो.

टोप्यांच्या बाबतीत माझा नियम कडक. किती चढवल्या तो आकडा खडूनं शिडीच्या पायावर लिहायचा. काढलेल्या टोप्या एकाच पिशवीत टाकायच्या आणि शेवटी पिशवी मोजायची. आकडा जुळल्याशिवाय शिडी उचलायची नाही. दुसरे रंगारी टोप्या तशाच ठेवून निघून जातात आणि वाट्या वर्षानुवर्षं आंधळ्या राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यावर मी लोकांना भाषणंही ठोकली आहेत. माझ्या हातून असं होणं शक्यच नाही, असं मी म्हणायचो, आणि जरा मोठ्यानंच म्हणायचो.

तर त्या वृद्धाश्रमाचं काम. दुसरा मजला, लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, एका टोकाला जिना आणि दुसऱ्या टोकाला इस्त्रीची खोली. खोल्यांतल्या आणि पॅसेजमधल्या धरून चोवीस वाट्या. म्हातारी माणसं तिथंच राहणार, आम्ही त्यांच्या डोक्यावर घासकाम करणार, म्हणजे रोज एकाला शिंका तर दुसऱ्याला खोकला. आठ दिवस मी सगळ्यांची बोलणी खाल्ली.

सगळ्यात जास्त बोलणी भूगोलाच्या बाईंची. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंची खोली इस्त्रीच्या खोलीला लागूनच होती. त्यांना भिंत निळी हवी होती. मी डबा घेऊन गेलो तर म्हणाल्या, "रंगारी, हा समुद्र नाही, ही शाई आहे." मी पुन्हा मिसळला. "आता हा तळ्याचा झाला. खोल समुद्र पाहिलाय का कधी?" माझं डोकं सटकलं. मी म्हणालो, "बाई, तुम्ही पोहणार आहात का यात?" त्या इतक्या हसल्या की मला तिसऱ्यांदा रंग मिसळावाच लागला.

रोज सकाळी आणि संध्याकाळी बाई वॉकर घेऊन खोलीपासून जिन्यापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. त्यांच्यासाठी प्रत्येक वेळी शिडी बाजूला घ्यावी लागे. मी वैतागून घड्याळ बघत उभा राहायचो. खोलीच्या दारापासून जिन्यापर्यंत त्यांना अडीच मिनिटं लागायची, कधी पावणेतीन, पण तीन कधीच नाही. हा हिशोब मला नको इतका पाठ झाला.

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही टोप्या काढायला लागलो. पॅसेजच्या मी, खोल्यांमधल्या मेहुणा. इस्त्रीच्या खोलीला कुलूप होतं. कपडे धुणाऱ्या मावशी किल्ली घेऊन जेवायला गेल्या होत्या. "ही शेवटी काढू," मी म्हणालो. एवढ्यात व्यवस्थापक आला, चार वाजता नातेवाईक भेटायला येतात, त्याआधी पॅसेज मोकळा करा म्हणून मागे लागला. मग डबे उचला, फरशी पुसा, बाईंचं कपाट जागेवर सरकवा, अशी एकच धांदल उडाली. सगळं आवरल्यावर मी पिशवी घेऊन जिन्यात बसलो आणि टोप्या मोजल्या. चोवीस. पुन्हा मोजल्या, कारण मी नेहमी दोनदा मोजतो. चोवीस.

मेहुणा शिडीपाशी उभा होता. म्हणाला, "भाऊजी, इस्त्रीच्या खोलीतली राहिली ना?"

"चोवीस भरल्या. म्हणजे काढली."

"मी नाही काढली."

"मग मी काढली असेन."

"पण कुलूप..."

"मावशी आल्या असतील मधेच! तुला मोजता येतं का? ये, बस, मोज. चोवीस म्हणजे चोवीस!"

मी असा ओरडलो की खाली स्वयंपाकघरातल्या बायकांनी वर बघितलं. मेहुण्याने शिडी खांद्यावर घेतली. आणि जिना उतरताना मला खरोखरच आठवलं, की मावशींनी दार उघडून दिलं, मी स्टुलावर चढलो, टोपी ओढून काढली. ते सगळं मला डोळ्यांसमोर दिसलं. शपथेवर सांगितलं असतं मी.

अकराव्या दिवशी तिथं आग लागली. दुपारी, सगळे म्हातारे जेवून दारं लोटून झोपले होते तेव्हा. इस्त्रीच्या खोलीत कपाटामागे जुनी वायर होती, ती तापली आणि चादरींच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला. दोन माणसं गेली. एक बाईंच्या समोरच्या खोलीतले आजोबा, ते तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले होते. आणि दुसऱ्या म्हणजे भूगोलाच्या बाई. त्या पॅसेजमध्ये सापडल्या, जिन्यापासून थोड्याच अंतरावर, वॉकरवर ओणवलेल्या. धुराने गेल्या. बाकीच्यांना आया आणि शेजारपाजारच्या लोकांनी खांद्यावर घालून खाली आणलं.

मला फोनवर कळलं तेव्हा मी दुसऱ्या कामावर होतो, एका बंगल्याच्या कुंपणाला रंग देत. हातातला ब्रश डब्यात ठेवला आणि तिथंच मातीत बसलो. बाईंची निळी भिंत डोळ्यांसमोरून हलेना.

दोन दिवसांनी पेपरात सविस्तर आलं. अलार्म वाजला होता, पण पॅसेजमधल्या डिटेक्टरमुळे, धूर दाराखालून बाहेर आल्यावर. इस्त्रीच्या खोलीतल्या डिटेक्टरने काहीच कळवलं नव्हतं. तो जळून त्याचा गोळा झाला होता, त्यामुळे तपासायलाही काही उरलं नव्हतं. जाणकारांच्या मते त्यामुळे अलार्म निदान चार मिनिटं उशिरा वाजला. दर तीन महिन्यांनी तपासणी करणाऱ्या माणसाने रजिस्टरमध्ये त्या खोलीपुढेही सही केली होती. त्याला कामावरून काढलं होतं आणि त्याची चौकशी सुरू होती.

चार मिनिटं. मी पेपर खाली ठेवला. बाईंना लागायची अडीच.

मग माझी जीभ सुटली. तीन आठवडे मी त्या अलार्मवाल्याला शिव्या घालत होतो. चहाच्या टपरीवर, कामावर, घरी, जिथं कोणी ऐकेल तिथं. असल्या लोकांना भर चौकात फोडून काढलं पाहिजे. न तपासता सह्या ठोकतात, यांच्या आया नाहीत का म्हाताऱ्या? एक टोपी राहू नये म्हणून मी दोनदोनदा मोजतो, आणि हे गाढव एक खोली बघत नाही! माझं बोलणं ऐकून लोक माना डोलवायचे. मेहुणा मात्र नुसता खाली मान घालून पॉलिश पेपर घासत राहायचा, आणि मला वाटायचं याचं काळीज दगडाचं आहे.

एक दिवस डबा खाताना त्याने विचारलं. आवाज अगदी हळू, आणि डोळे डब्यात. "भाऊजी, इस्त्रीच्या खोलीतली टोपी काढलीत तेव्हा मावशींनी साडी कुठल्या रंगाची नेसली होती?"

"मला काय माहीत?"

"मी विचारलं त्यांना. त्या दिवशी जेवायला गेल्या त्या परत आल्याच नाहीत. मुलीला बरं नव्हतं म्हणून घरीच राहिल्या. किल्लीसुद्धा त्यांच्याकडेच होती."

मी त्याला काय काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. डबा लाथाडला. पण घरी आल्यावर बूट न काढताच गॅलरीत गेलो आणि ती पिशवी शोधली. त्या कामानंतर ती उघडलीच नव्हती, कारण कुंपणाला कसल्या आल्या वाट्या. टोप्या एकेक करून बाहेरच्या खोलीत फरशीवर मांडल्या. चोवीसच होत्या. वाटीवर चढवलेली टोपी कशी दिसते, तर बाहेरून धुळीने पांढरी आणि आतून कोरी. तशा तेवीस होत्या. चोवीसावी बाहेरून रंगाच्या ठिपक्यांनी भरलेली होती. ती उलटी केली तर आत काठाला काळपट डाग होते, कलपाचे. आणि एक केस चिकटलेला होता, अर्धा काळा आणि मुळाशी पांढरा.

काम संपल्यावर डोक्यावरची टोपी मी पिशवीतच टाकली होती. केव्हा टाकली, देव जाणे. उकडत होतं, घाई होती, हाताला सवय होती. तेवीस वाटीवरच्या आणि एक माझ्या डोक्यावरची, झाल्या चोवीस. मी दोनदा मोजल्या होत्या.

बायको चहा घेऊन आली आणि त्या पसाऱ्याकडे बघत दारातच थांबली. तिला सगळं सांगितलं. बोलताना मला हुंदका फुटला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण तिच्यासमोर मी पहिल्यांदाच रडलो. रात्री मेहुणा आला. तो येणारच होता.

"कुणाला कळणार आहे?" तो म्हणाला. "वाटीचा गोळा झालाय. टोपी तर वितळून गेली. मी मेलो तरी तोंड उघडणार नाही, तुम्हाला माहीत आहे. उद्या तुम्हाला आत टाकलं तर ताईनं काय करायचं? आणि बाई परत येणार आहेत का?"

"आणि तो अलार्मवाला?"

"त्यानं तपासलं असेल तर सुटेल तो. नसेल तर भोगेल."

मी बायकोकडे बघितलं. "तू काय म्हणतेस?"

ती भडकली. एवढी भडकलेली मी तिला क्वचितच पाहिलीय. "मी 'जाऊ नका' म्हणावं म्हणून विचारताय तुम्ही. नाही म्हणणार. आणि 'जा' असंही नाही म्हणणार. आयुष्यभर माझं कधी ऐकलं नाहीत, आता बरी आठवण झाली माझी!" आणि ती आत निघून गेली. मेहुणा न जेवताच गेला.

दोन दिवस मी गेलो नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. दोन दिवस मी बंगल्याच्या कुंपणाला रंग देत होतो आणि मनात म्हणत होतो, उद्या जाऊ. मनात असंही यायचं, की त्याने तपासलं नसेलच कदाचित. सगळेच कामचुकार असतात, तोही असेल. हा विचार मला फार गोड वाटायचा, आणि त्याचीच मला शिसारी यायची.

तिसऱ्या दिवशी टोपी एका कागदात गुंडाळली आणि चौकशीच्या कार्यालयात गेलो. बाहेर बाकावर एक सडपातळ माणूस मांडीवर हात ठेवून बसला होता. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. शेजारी त्याची बायको. हाच तो अलार्मवाला, असं शिपायाने सांगितलं. आधी त्याच्याशीच बोलावं असं मी मनाशी ठरवलं. पण त्याने सरकून मला बसायला जागा दिली आणि माझं अवसानच गळालं. मी तसाच आत गेलो.

चौकशी करणारे साहेब चष्म्यावरून बघत ऐकत होते. मी टोपी टेबलावर ठेवली, उलटी करून दाखवली, माझे केस दाखवले. मेहुण्याने विचारलेलंही सांगितलं आणि मी ओरडलो तेही सांगितलं. माझं झाल्यावर साहेबांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला.

"उशीर केलात. त्यानं कालच लिहून दिलंय. इस्त्रीची खोली बंद होती, म्हणून तपासणी न करताच रजिस्टरमध्ये सही केली. त्याच्या हातचं आहे हे."

"खोटं आहे ते," मी म्हणालो.

"स्वतःविरुद्ध कोण खोटं लिहील? आणि तुम्हाला काय माहीत?"

"वाटीवर हिरवा कागद होता. सही केली त्याच महिन्याचा."

साहेबांना समजेना. मी सांगितलं, की तपासणी झाली की अलार्मवाले वाटीच्या काठाला महिना लिहिलेला छोटा कागद चिकटवतात. दर वेळी रंग वेगळा. तो फाटू नये म्हणून टोपी चढवताना आम्हाला इलॅस्टिक जरा वर ओढून घ्यावं लागतं. त्या मजल्यावर सगळे कागद हिरवे होते आणि इस्त्रीच्या खोलीतलाही हिरवाच. खोली बंद असती तर आत छतावर कागद लावला कोणी?

साहेबांनी घंटी मारून त्याला आत बोलावलं. तो येऊन खुर्चीमागे उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"काल असं का लिहून दिलंत?"

"साहेब, खरं तेच लिहिलं."

"खोली बंद होती?"

"बंदच होती." मग तो अडखळला. "पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मला स्पष्ट आठवत होतं, की मी तपासली. पण रोज विचारायचे सगळे. तुम्ही, पोलीस, आमचे मालक, त्या बाईंची बहीण. तपासली असती तर वाजला का नाही, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंधरा दिवसांनी मला ते दार बंद दिसायला लागलं. मग कुलूप दिसायला लागलं. पितळी कुलूप, मोठं."

"तिथलं कुलूप लोखंडी आहे," मी म्हणालो. "आणि एवढंसं."

तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे बघितलं. साहेबांनी त्याला मी कोण ते सांगितलं, टोपीचं सांगितलं. तो ऐकत होता, पण टोपीकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"कागद होता?" त्याने मला विचारलं.

"होता."

"कुठल्या बाजूला?"

"दाराच्या. दारात उभं राहिलं की समोर दिसेल असा."

"मी दाराकडेच लावतो," तो म्हणाला. "नेहमी." त्याने खुर्चीची पाठ धरली. "म्हणजे मी आत गेलो होतो."

"गेला होतात."

"मी तपासली होती."

"तपासली होती. वाटी चांगली होती. मीच झाकून ठेवली."

त्याने मला एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मी त्यासाठी गाल तयार ठेवला होता. पण तो मला शिवी देईना की आभार मानेना. माझ्याशी त्याचं काम संपलं होतं. साहेबांची परवानगी न घेता तो दाराकडे गेला, दार उघडलं, आणि बाकावरच्या बायकोला तिथूनच ओरडून म्हणाला, "अगं, मी केलं होतं! मी केलं होतं गं!" ती धावत आली. तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडायला लागला, आणि पॅसेजमधली माणसं थांबून बघायला लागली.

साहेबांनी दार लोटून घेतलं. नवा कागद पुढ्यात ओढला आणि माझं नाव, वय, धंदा विचारला. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, अलार्म वेळेवर वाजला असता तर त्या बाई जिन्यापर्यंत पोचल्या असत्या, असं तुम्हाला वाटतं का? ते तुम्हाला सांगता येणार नाही म्हणा, असंही तेच म्हणाले, आणि पेन उचलून पुढच्या प्रश्नाकडे निघाले.

"सांगता येईल," मी म्हणालो. "लिहा. पोचल्या असत्या."